क्रियापद येईपर्यंत

मराठवाड्यात हुशारी अजूनही पाठांतरावर मोजतात. घरी पाहुणे आले की लेकराला बैठकीत उभं करायचं आणि पाढे म्हणायला लावायचे. लेकरू तीसचा पाढा धडाधडा म्हणून दाखवतं, आई आतून ऐकत सुखावते, आणि तेवढ्यात भिंतीला टेकलेले एखादे आजोबा विचारतात, "औटकी येती का रे?" औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो आता कुणालाच येत नाही, त्यामुळे आजोबांचा विजय ठरलेला असतो.

प्रशिक्षणांतून या सगळ्याची टिंगल करायची पद्धत आहे. घोकंपट्टी हा शब्द तिथे शिवी म्हणूनच वापरतात, आणि ज्यांनी स्वतः डी.एड. घोकून पास केलं ते आम्ही शिक्षक समोर बसून माना डोलावतो. मला ही टिंगल पटत नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. वाचता येतं पण वाचलेलं कळत नाही, अशी लेकरं दर वर्गात असतात. त्यांच्याकडे नीट बघितलं की सगळा दोष पाठांतरावर ढकलून मोकळं होता येत नाही. बरं, यांची आठवण कच्ची म्हणावं, तर हीच लेकरं गेल्या वर्षी गणपतीला कुणी किती वर्गणी दिली आणि कुणी नुसतं 'बघू' म्हणून घालवलं, ते घरासकट सांगतात.

अडतं ते दुसऱ्याच जागी. वाचता वाचता, आत्ता या घडीला मनात जेवढं धरून ठेवता येतं, तिथे अडतं. मानसशास्त्रात या धरून ठेवण्याच्या क्षमतेला कार्यरत स्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये मांडलं की माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी मनात धरू शकतो, फार तर दोन इकडे-तिकडे. 2001 मध्ये नेल्सन कोवन याने हिशेब आणखी कडक केला आणि तो आकडा चाराच्या आसपास आणला. मधल्या काळात, 1974 मध्ये, ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या इंग्रज संशोधकांनी सांगितलं की ही काही नुसती ठेवायची जागा नाही, तिथेच कामही चाललेलं असतं. ऐकलेले शब्द घोळवत ठेवायचे, समोरचं चित्र धरून ठेवायचं, आणि लक्ष कुठे द्यायचं तेही ठरवायचं. हे सगळं त्याच तुटपुंज्या जागेत.

चारच गोष्टी म्हटल्यावर प्रश्न पडतो की माणूस मग पानभर मजकूर वाचतो कसा. आमच्याकडे याचं उत्तर उसाच्या फडात मिळतं. तोडलेला ऊस सुटा उचलायला गेलं तर हातात दोन-चार टिपरं मावतात. वाढ्याने बांधून मोळी केली की तोच ऊस बाई डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. वाचणारा हेच करतो. सुटी अक्षरं शब्दात बांधतो, शब्द अर्थात, वाक्यं प्रसंगात. ज्याची मोळी बांधायची सवय झाली, त्याला चार म्हणजे भरपूर. ज्याच्या हातात अजून सुटी टिपरंच आहेत, त्याची ओळ संपेपर्यंत निम्मी खाली पडलेली असतात.

आणि मराठी ओळ संपता संपत नाही. हे वाक्य बघा: 'गेल्या साली पावसाने दगा दिल्यामुळे कर्ज काढून दुबार पेरणी केलेल्या आणि तरीही हाती काहीच न लागलेल्या शेतकऱ्यांना सरकारने जाहीर केलेली मदत अजून मिळालेली नाही.' वर्तमानपत्रात अशी वाक्यं रोज असतात, आपण चहा पिता पिता वाचून पुढे जातो. मी ते फळ्यावर लिहून सातवीला विचारलं, "मदत कुणाला मिळाली नाही?" एक जण ठामपणे म्हणाला, "सरकारला." वर्ग हसला, पण तो काही वेंधळा नव्हता. त्याची गाडी 'मिळालेली नाही'पर्यंत पोचली तेव्हा 'शेतकऱ्यांना' हा शब्द मागे कुठेतरी सुटून गेला होता. हाताशी त्यातल्या त्यात जवळचं माणूस उरलं होतं ते सरकार. त्याने तेच दिलं.

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. त्याच्या आधी कुणी, कुणाला, कधी, कशामुळे हे सगळं नुसतं धरून बसायचं, कारण त्याचं काय झालं ते शेवटच्या शब्दाशिवाय कळत नाही. त्यातून केलेल्या, दिलेल्या, लागलेल्या अशा शब्दांची रांग लागली की ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो माणूसच वाक्यात उशिरा उगवतो. गावात कुणी असं बोलत नाही. गावात म्हणतात, "पाऊस पडला नाही. कर्ज काढलं, पुन्हा पेरलं. तरी काही आलं नाही. ज्यांचं असं झालं त्यांना मदत देऊ म्हणले, ती अजून आली नाही." दर चार शब्दांनी क्रियापद, दर चार शब्दांनी हात मोकळा. हे लेकरू घरात अशी मराठी ऐकत वाढतं आणि पाचवीनंतर अचानक त्याच्यापुढे सरकारी परिपत्रकाच्या जातीचं गद्य येतं. फळ्यावरचं ते वाक्य मी 'ज्या शेतकऱ्यांनी... त्यांना' असं उलटून लिहिलं, तर त्याच मुलाने बरोबर उत्तर दिलं. त्याची बुद्धी तेवढ्या दोन मिनिटांत वाढली नव्हती.

लिपीचाही थोडा वाटा आहे. मोठ्यांना तो दिसत नाही. 'किती' वाचताना पहिली वेलांटी डोळ्याला क च्या आधी भेटते, उच्चारायची मात्र नंतर. 'सूर्य'मधला रफार लिहितात य च्या डोक्यावर आणि म्हणायचा य च्या आधी. ही मागे-पुढे ये-जा ज्याच्या अंगवळणी पडली त्याला काही वाटत नाही. ज्याची पडली नाही, त्याची ती चार जागांमधली एक-दोन तिथेच खर्ची पडते, मग अर्थासाठी उरतं काय? म्हणून मी पाठांतराच्या बाजूने आहे. बाराखडी, जोडाक्षरं, पाढे विचार न करता आले पाहिजेत, म्हणजे विचाराला जागा मोकळी राहील. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी 48.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त लेकरांना दुसरीचा उताराही अजून वाचता येत नाही. आणि ती चाचणी मुळात मोठ्याने वाचून दाखवायची आहे. वाचून काय कळलं, हा पुढचा प्रश्न.

त्या पुढच्या प्रश्नापाशी मला माझी आजी आठवते. तिला अक्षर येत नव्हतं, बँकेत अंगठा. पण हरिपाठ तोंडपाठ, आणि सप्ताहात कीर्तन ऐकून आली की शेजारच्या वाड्यात अंथरुणाला खिळलेल्या तिच्या जाऊबाईंना सगळं निरूपण सांगायची. बुवांनी कुठला दृष्टांत दिला, तो अभंगाला कुठे लागू पडला, आणि कुठे लागू पडलाच नाही, बुवा उगीच वेळ काढत होते, हेसुद्धा. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं गणित मांडलं: अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोहोंतलं एक शून्य असलं की उत्तर शून्य. आजीच्या खात्यात भाषा शंभर होती आणि अक्षर शून्य, म्हणून तिच्या नावावर वाचन लागलं नाही. माझ्या वर्गातल्या काहींचं उलटं आहे. खडाखडा वाचतात, रफारसुद्धा चुकत नाहीत, आणि पुस्तक मिटल्यावर हाती काही नसतं.

बंजारा तांड्यावरून येणाऱ्या लेकरांचं गणित आणखी वेगळं. घरी गोरमाटी, गावात इथली बोली, पुस्तकात तिसरीच मराठी. त्यांना मंद ठरवणारे लोक स्वतः एकाच भाषेत आयुष्य काढलेले असतात, हे मी बघितलंय. खरं तर मराठवाड्याने हे विसरायला नको. निजामाच्या राज्यात 1948 पर्यंत वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून होतं. आमच्या आजोबांच्या पिढीतले शिकलेले लोक घरात एका भाषेत भांडत आणि परीक्षा दुसऱ्या भाषेत देत.

पण अक्षर आलं, भाषाही आली, तरी काम संपत नाही. एका पूरक वाचनाच्या पुस्तकात कोकणातल्या दोन भावांची गोष्ट होती. 'दुपारी होडी वाळूत रुतून बसली होती. दोघांनी जोर लावून बघितला. मग ते किनाऱ्यावर बसून संध्याकाळची वाट बघू लागले.' यात अवघड शब्द एकही नाही, वाक्यं छोटी आहेत. सहावीने ते छान वाचलं. "संध्याकाळची वाट कशाला बघत होते?" असं विचारल्यावर निम्मा वर्ग एका आवाजात म्हणाला, "ऊन उतरावं म्हणून." मागच्या बाकावरच्या एका पोराने जास्त डोकं चालवलं. "माणसं रानातून घरी येतील ना, मॅडम. मग ढकलायला धरता येतील."

भरती-ओहोटी कुणालाच सुचली नाही. कशी सुचेल? समुद्र यांनी मोबाइलवर पाहिलाय, आणि मोबाइलमधला समुद्र वर-खाली होत नाही. पण उत्तरं तपासून बघा. दोन्ही उत्तरांत तर्क बिनचूक आहे. एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे कुणी जड वस्तू ढकलत नाही, ऊन उतरायची वाट बघतात. ट्रॅक्टर चिखलात रुतला तर संध्याकाळी रानातून परतणारे चार जण धरूनच निघतो. लेखकाने मधली एक गोष्ट सांगितली नव्हती, ती मुलांनी आपल्या पदरची घालून भरली. सगळे वाचणारे हेच करतात. फक्त यांच्या पदरी पाणी उतरणं-चढणं नव्हतं. उत्तरपत्रिकेत मात्र याला शून्य गुण आणि शेरा: 'आकलन कमी'.

1988 मध्ये अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या 64 मुलांवर एक प्रयोग केला. बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं आणि मग लाकडी खेळाडू मांडून काय घडलं ते दाखवायला लावलं. मुलं चार प्रकारची होती: वाचनात पुढे आणि मागे, बेसबॉल कळणारी आणि न कळणारी. बेसबॉल कळणारी पण वाचनात मागे असलेली मुलं, बेसबॉल न कळणाऱ्या वाचनपटूंच्या पुढे निघून गेली. हा प्रयोग आमच्या भागात करायचा तर बेसबॉल लागत नाही. मी चार ओळी लिहिल्या:

'दसऱ्याच्या आधी मुकादमाने सगळ्यांना उचल वाटली. त्या साली परतीचा पाऊस झकास झाला. दिवाळी झाली तरी दोन कोयते गावातच होते. मुकादमाच्या चकरा सुरू झाल्या.'

सहावीतल्या ज्या मुलीला वाचताना बोट ठेवावं लागतं, तिने हे एका दमात फोडून सांगितलं. परतीचा पाऊस झाला म्हणजे ज्वारी चांगली येणार, मग घरचं रान सोडून कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, ऊस तोडायला कशाला जातील. पण उचल, म्हणजे मुकादमाने तोडीसाठी आगाऊ दिलेले पैसे, तर घेऊन खर्चूनही झालेली, म्हणून मुकादम दारात. "आता भांडण होणार," हेही तिने सांगितलं, जे मी लिहिलंच नव्हतं. याच चार ओळी मी पुण्याच्या भाचीला पाठवल्या. ती वर्गात पहिली येते. तिला वाटलं मुकादम राहिलेले पैसे वाटायला चकरा मारतोय, आणि तो किती भला माणूस आहे असंही तिने लिहून पाठवलं.

बोट ठेवून वाचणाऱ्या त्या मुलीचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास येतात. कारखाना लांबला की तेही पुढे जातं. काही लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात जेवतात आणि शाळेत येतात, आणि काही जातातच, कारण धाकट्या भावाला तिथल्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, सांभाळायला कुणीतरी लागतं. जाऊन आलेल्यांचा वाचनाचा वेग पडलेला असतो, दिवाळीआधी सरावाची झालेली जोडाक्षरं एप्रिलमध्ये पुन्हा अडू लागतात. उलट माहिती वाढलेली असते. कुठल्या कारखान्याचा काटा कसा आहे, बेळगावकडे कानडीत भाव कसा करतात, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत किती टन बसतो. यातलं परीक्षेला काही येत नाही, म्हणून हे ज्ञान आहे असं ना शाळेला वाटतं ना त्या लेकरांना.

दुसरी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. आपल्याला कळलं नाही हेच मुलांना कळत नाही. एलन मार्कमन हिने 1979 मध्ये मुलांना मुद्दाम घोळ घातलेले उतारे दिले होते. त्यातल्या एकात समुद्राच्या तळाशी अजिबात उजेड नसतो असं म्हटलं होतं, आणि पुढे तिथले मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात असं. पुष्कळ मुलांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही. मी तो मासा आमच्या पोरांना मराठीत दिला, तर तोही तसाच पोहत गेला. मग दुसरा उतारा केला: 'विहीर कोरडी ठाक पडली होती. दिवस मावळताना त्याने विहिरीतून चार बादल्या पाणी शेंदून बैलांना पाजलं.' दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर तीन जण ओरडले. तेव्हा वाचताना स्वतःवर लक्ष ठेवायचं कौशल्य यांच्यात नाही, असं कुणी म्हणू नये. विहिरीच्या बाबतीत ते आहे. माशाच्या बाबतीत गप्प बसायचं शाळेने शिकवलंय. पुस्तकात छापलंय म्हणजे खरं असणार, आपण कोण विचारणारे?

आठवण वाढवून देण्याचा धंदा आता तालुक्यालाही पोचलाय. स्मरणशक्ती वाढवणारे वर्ग, डोळे बांधून वाचन शिकवणारे महाभाग, सुट्टीतली शिबिरं. ऊस तोडून आणलेल्या पैशांतून लोक यांची फी भरतात आणि माझं डोकं फिरतं. कार्यरत स्मृतीचा सराव करून घेणाऱ्या कार्यक्रमांवरचे अभ्यास मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी 2013 मध्ये एकत्र तपासले. ज्या कसरतीचा सराव केला त्या कसरतीत मुलं सुधारली. वाचनात त्याचा उपयोग दिसला नाही. आकडे उलटे म्हणायची सवय केली तर आकडे उलटे म्हणता येतात, एवढंच.

फुकटातली गोष्ट आजी करत होती ती. ऐकून यायचं आणि जाऊबाईंना सांगायचं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 मध्ये दाखवलं की तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात, आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत पुस्तक मिटून आठवून बघणारे पुढे जातात. लातूर पॅटर्नला लोक घोकंपट्टीचा कारखाना म्हणतात. त्याबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातला चाचण्यांवर चाचण्या घ्यायचा भाग मला तरी मूर्खपणाचा वाटत नाही. तिथली मुलं वाचतात त्याहून जास्त वेळा आठवतात. माझी तक्रार चाचणीत काय विचारतात याबद्दल आहे.

एकदा स्टाफरूममध्ये मी एक वाक्य फिरवलं: 'चिमलक्या पलामाने खडूमच्या काठी तीन लुबे झुरकवले.' पलाम कसा होता? चिमलका. लुबे किती? तीन. कुठे झुरकवले? खडूमच्या काठी. सगळ्या सहकाऱ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि काय घडलं ते मलाही ठाऊक नाही. 'उतारा वाचून उत्तरे लिहा' या नावाखाली आम्ही बहुतेक वेळा हेच तपासतो. मुलं हुशार असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या शेजारचं उचलायचं, लिहायचं. वर्षानुवर्षं असं करत दहावीपर्यंत जातात आणि पुढे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसल्यावर उताऱ्याखालचे चारही पर्याय त्यांना बरोबर वाटायला लागतात.

आता शनिवारच्या तासाला मी प्रश्न विचारत नाही, त्यांनीच काढायचे. नियम एकच: ज्या प्रश्नाचं उत्तर ओळीवर बोट ठेवून दाखवता येतं तो बाद. यात नवं काही नाही. ॲनमरी पॅलिन्स्कर आणि ॲन ब्राउन यांनी 1984 मध्येच मुलांकडून आळीपाळीने प्रश्न काढून घ्यायची, पुढे काय होईल ते बांधायची, अडलेलं सोडवायची आणि थोडक्यात सांगायची पद्धत वर्गात वापरून बघितली होती. आमच्याकडे पहिले काही शनिवार प्रश्नांच्या नावाने शांतता होती, मग बोटाचे प्रश्न चोरून आणायला सुरुवात झाली, आणि ते पकडायला मुलंच माझ्याहून कडक निघाली.

होडीची गोष्ट मी भरती-ओहोटी समजावून झाल्यावर पुन्हा वाचायला दिली. चंद्र, पाणी, सहा-सव्वासहा तास, सगळं फळ्यावर काढून झालं होतं, आणि ते कळल्यासारखेही दिसत होते. बोट ठेवून वाचणारी ती मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, ते तिथलेच होते ना? पाणी उतरतं हे त्यांना ठाऊक होतं. मग होडी तिथं ठेवलीच कामून?"

मला काही सांगता येईना. गोष्टीत त्याबद्दल अक्षर नाही. मागच्या बाकावरून सूचना यायला लागल्या. झोप लागली असेल. मासे भरपूर लागले असतील, भान राहिलं नसेल. एक जण म्हणाला, भाऊ-भाऊ आहेत, भांडत बसले असतील, होडी कुणाची यावरून. तिला यातलं एकही पटलं नाही. भांडणवाल्याशी तर ती मधल्या सुट्टीतही वाद घालत होती, की भांडण असतं तर दोघं शेजारी बसून वाट बघत राहिले नसते.